खटल्यानंतरच्या डॉ. रखमाबाई

डॉ. रखमाबाईंचे नाव निघाले की बहुतेकांना त्यांचा खटला आठवतो. बालपणी लावून दिलेले लग्न त्यांनी मानले नाही, नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली आणि सगळा देश ढवळून निघाला. त्यांची गोष्ट सांगताना आपण बहुधा इथेच थांबतो. पण खटला चालला चार वर्षे. त्यानंतर रखमाबाईंनी सुमारे पस्तीस वर्षे डॉक्टर म्हणून काम केले, तेही बायकांच्या रुग्णालयांत. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म असे ज्या काळात म्हटले जाई, त्या काळातले हे काम. त्यात नाट्य नाही, न्यायालय नाही, वर्तमानपत्रांचे अग्रलेख नाहीत. म्हणूनच कदाचित ते विस्मरणात गेले. नवजात बाळांच्या मृत्यूचा प्रश्न जगात अजून सुटलेला नाही. त्यामुळे या पस्तीस वर्षांकडे पुन्हा एकदा पाहायला हवे.

पंधराव्या वर्षी आई

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. आई जयंतीबाई, वडील जनार्दन पांडुरंग. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी रखमाबाई झाल्या आणि सतराव्या वर्षी जयंतीबाई विधवा झाल्या. त्यांच्या सुतार समाजात विधवेला पुन्हा लग्न करण्याची मुभा होती. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला.

हे सावत्र वडील रखमाबाईंच्या आयुष्यातले पहिले मोठे दान ठरले. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकवत, वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते आणि १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. वैद्यकाची पुस्तके त्यांनी मराठीत लिहिली, त्यात सुईणविद्येचाही समावेश होता. म्हणजे रखमाबाई ज्या घरात वाढल्या तिथे गर्भ कसा वाढतो, बाळंतपण कसे होते, ते कुठे अडते, हे चोरून बोलण्याचे विषय नव्हते. ती एक विद्या होती आणि ती आपल्या भाषेत सांगता येत होती.

तरीही घरच्यांना रूढी पूर्णपणे मोडता आली नाही. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लावले गेले. रखमाबाई सासरी मात्र गेल्या नाहीत. शाळा सुटली होती, पण फ्री चर्च मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणून त्या घरीच वाचत राहिल्या. डॉक्टर व्हावे ही इच्छा याच काळात मूळ धरत होती.

१८८४ मध्ये दादाजींनी पत्नीने आपल्याकडे नांदायला यावे म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. अजाण वयात, स्वतःच्या संमतीशिवाय झालेल्या लग्नात मोठ्या झालेल्या स्त्रीला बळजबरीने ढकलता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. अपिलात प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी परत आले आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट निर्णय दिला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी कैद निवडली. लोकमान्य टिळकांच्या पत्रांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली, तर सुधारकांनी त्यांच्या बाजूने मोहीम उघडली. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला आणि रखमाबाईंना तुरुंगात जावे लागले नाही. या सगळ्या धुमाळीत त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले सखाराम अर्जुन पहिल्या निकालाच्या आधीच, एप्रिल १८८५ मध्ये निवर्तले होते.

या निकालाच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे क्षयाने निधन झाले होते. दोघी जवळपास एकाच वयाच्या. आनंदीबाईंचा जन्म मार्च १८६५ चा. आनंदीबाई चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. त्या दुःखातूनच त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरवले, अमेरिकेत जाऊन पदवी मिळवली आणि प्रबंधासाठी विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचाच. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. ती त्यांना स्वीकारता आली नाही. आनंदीबाईंना जे करायचे राहून गेले ते काम पुढे ज्या मोजक्या स्त्रियांनी केले, त्यांत रखमाबाई होत्या.

दहा दिवसांत बाळे का जात?

आनंदीबाईंच्या बाळासारखी पहिल्या दहा-बारा दिवसांत जाणारी बाळे त्या काळी घरोघरी होती. त्यामागची कारणे आज आपल्याला नीट ठाऊक आहेत.

बाळंतिणीची खोली घरातली सर्वात अंधारी, कोंदट जागा असे. बाळंतपण विटाळाचे मानले जाई, म्हणून तिथे जुनी, टाकाऊ वस्त्रे वापरली जात. सुईण अनुभवी असे, अडलेले मूल कसे फिरवायचे हेही काहीजणींना ठाऊक असे. पण हात धुण्याचे कारण तिला कोणी सांगितलेले नसे. नाळ कापायला घरातला विळा, चाकू किंवा बांबूची कांब चालत असे आणि कापलेल्या जागेवर राख किंवा शेण लावले जाई. पहिल्या दोन-तीन दिवसांचे चिकाचे दूध अपायकारक समजून पिळून टाकले जाई आणि बाळाच्या तोंडात मध किंवा गुळाचे पाणी जाई.

शेणात आणि मातीत धनुर्वाताच्या जंतूंची बीजे असतात. ती नाळेच्या जखमेत गेली की हवा न पोचणाऱ्या मेलेल्या ऊतीत वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष मज्जातंतूंमध्ये शिरते. पहिले काही दिवस चांगले चोखणारे बाळ एकाएकी चोखेनासे होते, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखे ताठ होते. बहुतेकदा हे तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत घडते. आपल्याकडे पाचवी-सहावीला सटवाईची पूजा केली जाते. त्या रात्री बाळाला जपायचे, जागे राहायचे, अशी रीत आहे. धोका कोणत्या दिवसांत असतो हे आजीबाईंनी अनुभवाने अचूक ओळखले होते. तो येतो कुठून, हे मात्र त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते.

ही काही फक्त आपली गोष्ट नव्हती. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात सेंट किल्डा नावाचे एक एकाकी बेट आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळे याच रोगाने पहिल्या दोन आठवड्यांत दगावत. तिथल्या अँगस फिडेस या धर्मोपदेशकाने ग्लासगोला जाऊन नाळेची जंतुनाशक पद्धतीने निगा कशी राखायची ते शिकून घेतले, आणि १८९० च्या दशकात बेटावरचे हे मृत्यू थांबले. तिथे त्यासाठी ना मोठे रुग्णालय उभारावे लागले, ना नवे औषध लागले. फक्त नाळ हाताळण्याची रीत बदलली होती.

नेमक्या याच वर्षांत रखमाबाई लंडनमध्ये वैद्यक शिकत होत्या.

लंडनची पाच वर्षे

मुंबईत स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, या मागणीने १८८० च्या दशकात जोर धरला होता. पुरुष डॉक्टरसमोर जाण्यापेक्षा घरात मरण पत्करणाऱ्या बायका होत्या आणि पुरुष डॉक्टरला आत येऊ न देणारी घरेही होती. सोराबजी शापूरजी बंगाली आणि अमेरिकी व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी लोकवर्गणीतून निधी उभा केला, पेस्तनजी होरमसजी कामा यांनी मोठी देणगी दिली आणि १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. तिथे प्रमुख म्हणून आल्या डॉ. एडिथ पेची. एडिनबरा विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी झगडलेल्या पहिल्या सात स्त्रियांपैकी त्या एक. कामा रुग्णालयात त्यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणाचीही घडी बसवली.

पेचीबाईंनी रखमाबाईंच्या इच्छेला बळ दिले आणि परदेशी शिक्षणासाठी निधी जमवायला मदत केली. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले. इंग्लंडमध्ये ईव्हा आणि वॉल्टर मॅकलॅरन या दांपत्याचा आधार मिळाला. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. प्रत्यक्ष रुग्णांवरचे शिक्षण रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये होई. इंग्लंडमधील अनेक वैद्यकीय परीक्षा तेव्हा स्त्रियांना बंद होत्या. म्हणून स्कॉटलंडमधील परवाना परीक्षा आणि ब्रसेल्सची एम.डी. हा मार्ग या महाविद्यालयातील विद्यार्थिनी धरत. रखमाबाईंनीही तोच धरला आणि १८९४ मध्ये शिक्षण पूर्ण केले.

त्या वेळच्या लंडनमध्ये प्रसूतिशास्त्र बदलून गेले होते. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या सेमेलवाईस या डॉक्टरने, शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी हात न धुता बाळंतिणींना तपासतात म्हणून सूतिकाज्वर होतो, असे दाखवून दिले होते. क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती करताच त्याच्या विभागातील मृत्यू झपाट्याने कमी झाले. तरी समव्यवसायिकांनी त्याला वेड्यात काढले. पुढे १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली आणि ती हळूहळू प्रसूतिगृहांत पोचली. रखमाबाई शिकत होत्या तोपर्यंत युरोपातील चांगल्या प्रसूतिगृहांत सूतिकाज्वराने होणारे मृत्यू पूर्वीच्या तुलनेत फार थोडे उरले होते. पॅरिसमध्ये तार्निये यांनी १८८१ च्या सुमारास अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उबेत ठेवणारी पेटी वापरायला सुरुवात केली होती. धनुर्वाताचा जंतू १८८९ मध्ये कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने बर्लिनमध्ये वेगळा केला होता.

विद्या हाताशी आली होती. प्रश्न होता तो ती सुरतेच्या गल्लीत कशी न्यायची, हा.

रिकामे रुग्णालय

परत आल्यावर रखमाबाई थोडा काळ मुंबईत होत्या आणि १८९५ मध्ये सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची जबाबदारी त्यांनी घेतली. रुग्णालय होते, डॉक्टर होती, पण बाळंतपणासाठी बायका येत नव्हत्या. घराबाहेर, परक्या हातून, विटाळाच्या स्थितीत बाळंत व्हायचे ही कल्पनाच लोकांना पटत नव्हती. त्यात ही डॉक्टरीण म्हणजे नवऱ्याला सोडून दिलेली, न्यायालयात गेलेली बाई.

या काळातली एक आठवण सांगितली जाते. रखमाबाईंनी एक गाभण मेंढी रुग्णालयात आणवली, तिची सुटका तिथे सुखरूप केली आणि आसपासच्या बायकांना ते पाहू दिले. इथे आले तर जीव जात नाही, एवढे त्यातून लोकांना दिसले. गोष्ट साधी आहे, पण सार्वजनिक आरोग्यातला एक मोठा धडा तिच्यात आहे. सेवा उपलब्ध असणे आणि लोकांनी ती वापरणे यांत विश्वासाचे अंतर असते. ते अंतर भाषणाने कमी होत नाही. डोळ्यांनी पाहिल्यावर होते.

हळूहळू बायका येऊ लागल्या. रखमाबाई सुरतेत वीस वर्षांहून अधिक काळ राहिल्या. एवढा काळ एकाच गावात राहिले की डॉक्टरच्या हातून जन्मलेल्या मुली पुढे स्वतःच्या बाळंतपणासाठी त्याच दारात येतात. अशा रुग्णालयाला वेगळ्या जाहिरातीची गरज उरत नाही. १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले. त्या काळात केलेल्या सेवेबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९०४ मध्ये दादाजी वारले, त्यानंतर रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. ज्या लग्नाला त्यांनी न्यायालयात नाकारले, त्याची ही खूण त्यांनी का पत्करली यावर अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. एवढे खरे की ज्या बायकांमध्ये त्यांना काम करायचे होते त्या सगळ्या या खुणा वाचणाऱ्या होत्या.

१९१८ च्या सुमारास सरकारच्या महिला वैद्यकीय सेवेत येण्याचा प्रस्ताव त्यांच्यापुढे होता. तो नाकारून त्या राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या आणि १९३० च्या आसपास निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. निवृत्तीनंतर त्या मुंबईत परतल्या. पडदापद्धत का जायला हवी, यावर त्यांनी एक पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

सुईणीला शिकवायचे कसे?

एका डॉक्टरणीने कितीही काम केले तरी बहुतेक बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातून होत होती. म्हणून प्रशिक्षणाचा प्रश्न त्या काळातही कळीचा होता. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरिन फंडाच्या उद्दिष्टांत स्त्री डॉक्टर, परिचारिका आणि दाया तयार करणे हे होतेच. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी खास दायांच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड उभा केला. पण फळ अपेक्षेएवढे मिळाले नाही. कारणे समजण्यासारखी आहेत. वर्गात बसून ऐकलेली व्याख्याने हातात उतरत नाहीत. शिकून परत गेलेल्या दाईबरोबर नंतर कोणी उभे राहत नसे. तिची मजुरी तीच, प्रतिष्ठा तीच. विटाळाचे काम करणारी बाई म्हणून तिला खालच्याच पायरीवर ठेवले जाई. तिने गरम पाणी, स्वच्छ कापड, नवे पाते मागितले तर ते द्यायचे की नाही हे ठरवणारी घरची माणसे त्या वर्गात कधी आलेलीच नसत.

हा प्रश्न सव्वाशे वर्षांनंतरही तसाच समोर येतो. जगात २०२२ मध्ये सुमारे २३ लाख बाळे पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावली. यातला मोठा वाटा सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेचा आणि दक्षिण आशियाचा आहे. मुख्य कारणे तीन आहेत: अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना श्वास न घेणे आणि जंतुसंसर्ग. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला कोरडे करून, पाठीवर चोळून, गरज पडली तर पिशवी आणि मास्कने पहिल्या एका मिनिटात श्वास द्यायचा, असा हेल्पिंग बेबीज ब्रीद नावाचा प्रशिक्षणक्रम २०१० पासून गरीब देशांत वापरला जातो. टांझानियातील हायडम या ग्रामीण रुग्णालयात त्याचा बारकाईने अभ्यास झाला. एक दिवसाच्या प्रशिक्षणानंतर परिचारिका बाहुलीवर सगळे अचूक करून दाखवत होत्या. प्रसूतिगृहातल्या खऱ्या बाळांच्या बाबतीत मात्र फारसा फरक पडला नाही. मग रुग्णालयाने बाहुली प्रसूतिगृहातच ठेवली आणि कामाच्या जागी, थोडा थोडा वेळ, वारंवार सराव सुरू केला. त्यानंतर पहिल्या चोवीस तासांतील बालमृत्यूंत लक्षणीय घट झाली. १९०३ च्या दायांच्या वर्गांत जे चुकले होते, ते इथे दुरुस्त झाले.

महाराष्ट्राने या बाबतीत जगाला शिकवावे असे काही केले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच, थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, उबेत ठेवणे, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, हे सारे त्या घरी जाऊन करत. १९९९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली आणि २०११ पासून भारतात आशा कार्यकर्त्यांमार्फत हा कार्यक्रम राबवला जातो. प्रसूती रुग्णालयात झाली असली तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येऊन बाळ पाहते, ती त्यामुळेच.

उबेसाठी महागडी पेटीच हवी असे नाही, हेही आता सिद्ध झाले आहे. आईच्या उघड्या छातीशी बाळाला बांधून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच ही पद्धत दिली तर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात असे दिसून आले. चिकाचे दूध फेकण्याच्या प्रथेपासून आपण किती दूर आलो याची खूण शीवच्या टिळक रुग्णालयात आहे. १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने तिथे आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली.

आणि धनुर्वात? गर्भवतीला लस दिली की तिच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोचतात. लस, रुग्णालयातील प्रसूती आणि स्वच्छ नाळ या तिन्हींच्या जोरावर भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. निर्मूलनाचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. जंतू मातीत आहेतच. लस थांबली तर रोग परत येईल.

खटला आणि प्रसूतिगृह

रखमाबाईंचा खटला आणि त्यांचे डॉक्टरी काम या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण त्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. मुलीचे शरीर पुरते वाढण्याआधी गर्भ राहिला तर कटिबंध अरुंद असल्याने बाळंतपण अडण्याचा धोका वाढतो. रक्तक्षय, झटके, अपुऱ्या दिवसांचे आणि कमी वजनाचे बाळ यांचे प्रमाणही अधिक असते. म्हणजे नवजात बाळाची काळजी त्याच्या आईच्या लग्नाच्या वयापासून सुरू होते. खटल्याने उठलेल्या वादळात १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींचे संमतीवय दहावरून बारा झाले. आज आपल्याला हा आकडाच भयंकर वाटतो, पण त्यासाठीही तेव्हा केवढे रान उठले होते. कायद्याने आता लग्नाचे वय अठरा आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. जयंतीबाई पंधराव्या वर्षी आई झाल्या, त्याला दीडशेहून अधिक वर्षे लोटली आहेत.

रुग्णालय जवळ असूनही दूर असते, हेही शहरात राहणाऱ्यांना नवे नाही. ट्रॉम्बेतला चीता कॅम्प १९७६ मध्ये जनता कॉलनीतल्या लोकांना हलवून वसला. शेजारी देशाचे अणुसंशोधन केंद्र. तरीही ट्रॉम्बे, मानखुर्द, गोवंडी ज्यात येतात तो महापालिकेचा एम पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात सर्वात तळाला होता. अशा वस्त्यांत दारोदार फिरणाऱ्या आरोग्यसेविका आणि आशाताई रखमाबाईंचेच काम पुढे नेत आहेत. त्यांचे म्हणणे ऐकणे, बाळाचे वजन करू देणे, लसीची तारीख न चुकवणे, एवढे तर प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे.

घरात नवे बाळ असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करावे आणि चिकाचे दूध द्यावेच. सहा महिने मध, घुटी, पाणी, वरचे दूध काहीही देऊ नये. नाळेवर राख, तेल, हळद, पावडर असे काहीही लावू नये. ती कोरडी ठेवावी. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये, डोके आणि पाय झाकून बाळाला छातीशी धरावे. बाळाला हात लावण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत. बाळ चोखेनासे झाले, निपचित पडले, अंग थंड किंवा तापलेले लागले, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे दिसले, किंवा नाळेभोवती लाली वा पू दिसला, तर सकाळची वाट पाहू नये. १०२ किंवा १०८ क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

सुरतेला १८९५ मध्ये असा फोन नव्हता, लस नव्हती, प्रतिजैविकेही नव्हती. जंतुनाशक द्रावणाने धुतलेले हात, उकळलेली उपकरणे आणि बायकांचा विश्वास मिळेपर्यंत थांबण्याची तयारी, एवढ्या भांडवलावर त्या काळच्या स्त्री डॉक्टरांनी काम सुरू केले. आज साधने कितीतरी वाढली आहेत. तो विश्वास मात्र प्रत्येक वस्तीत, प्रत्येक घरात अजूनही नव्यानेच मिळवावा लागतो.